चौदा वर्षं माळ्यावर राहिलेलं मॅच पिस्तूल पुन्हा रेंजवर आणताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नववीतली एक मुलगी मामाचं पिस्तूल घेऊन आली. मामा शाळेत असताना राज्य स्पर्धा खेळला होता. मग बारावी आली, मग इंजिनीअरिंग, मग बंगळूरची नोकरी. पिस्तूल चौदा वर्षं माळ्यावर, गाद्यांच्या मागे पडून होतं. ऑस्ट्रियाचं स्टायर एलपी १०, म्हणजे एके काळी जगभरच्या फायरिंग लाइनवर दिसणारं मॅच, म्हणजे स्पर्धेचं, एअर पिस्तूल. पेटी उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "मॅडम, हवा भरून बघू?" हँडपंप तिच्या हातात तयारच होता.

मी आधी पंप बाजूला ठेवायला लावला. हा लेख लिहायला बसले तो त्या एका प्रश्नामुळे. पडून राहिलेलं पिस्तूल हाती आलं की नव्वद टक्के लोकांचा हात पहिल्यांदा पंपाकडे जातो, आणि नेमकी तीच गोष्ट सगळ्यात शेवटी करायची असते.

इथे मी १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल लिहिते आहे: ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास), सिलिंडरमध्ये दाबाखाली भरलेली हवा, एका वेळी एक छर्रा. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास येते. आपल्याकडे एअरगनला परवाना लागतो तो २० ज्यूलच्या वर किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या बोअरला, त्यामुळे ही पिस्तुलं त्यात येत नाहीत. घरात पॉइंट टू-टूचं, म्हणजे काडतुसाचं, जुनं पिस्तूल असेल तर तो विषय वेगळा आहे. ते परवान्यासह अधिकृत आर्मररकडेच (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडेच) न्यायचं, त्याला यातलं काही लावायचं नाही.

पेटी उघडल्यावर

नळी सुरक्षित दिशेला ठेवून लोडिंग लिव्हर उघडा. छर्रा घालायच्या जागी टॉर्च मारून बघा. मग नळीतून पातळ प्लॅस्टिकची दोरी, म्हणजे रेंजवरचा सेफ्टी फ्लॅग, आरपार घाला. दोरी दुसऱ्या टोकाने बाहेर आली तरच नळी मोकळी. मामाच्या पिस्तुलात ती मध्येच अडली. चौदा वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी कोणी तरी छर्रा भरला होता आणि तो तसाच राहिला होता.

असा छर्रा हवेच्या दाबाने उडवायला जाऊ नका. तो शिशाचा असतो, इतक्या वर्षांत नळीला धरलेला असतो. मी नळीत सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडला, रात्रभर ठेवला आणि सकाळी प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या रॉडने पुढून हलकेच मागे ढकलला. तो पांढरट भुकटीने माखलेला होता. ही भुकटी शिशाची असते. हात साबणाने धुवा, आणि हे काम जेवणाच्या टेबलावर करू नका.

आता सिलिंडर काढा. सिलिंडर काढला म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका. रेग्युलेटरच्या (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या भागाच्या) पुढच्या कप्प्यात एखाद्या शॉटपुरती हवा उरलेली असू शकते. छर्रे पकडायच्या डब्याकडे नेम धरून, छर्रा न घालता, आवाज पूर्ण बंद होईपर्यंत फायर करा.

सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा

सिलिंडरच्या अंगावर बारीक अक्षरांत कामाचा दाब, निर्मितीचा महिना आणि वर्ष असतं, कधी वापराची शेवटची तारीखही असते. मामाच्या सिलिंडरवर वर्ष होतं २००८. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं आहे, आणि ती पाळायची जबाबदारी खेळाडूची आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी कारण समजून घ्या. सिलिंडर भरतात २०० बार दाबापर्यंत, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ शंभर पट. हे सिलिंडर बहुतेक ॲल्युमिनियमचे. दर वेळी भरताना ते सूक्ष्म प्रमाणात ताणले जातात आणि रिकामे होताना आकसतात. पावसाळ्यात हँडपंपाने भरले असतील तर आत ओल जाते. ती आतून धातू खाते, आणि बाहेरून सिलिंडर नवाकोरा दिसत राहतो. भरताना सिलिंडर नेमबाजाच्या हातातच असतो, आणि नेम धरताना त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर.

मुदत संपली असेल तर नवीन सिलिंडर घ्या. इथे काटकसर नको. "माझा पंधरा वर्षं चालतोय" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. एखाद्या वर्कशॉपमध्ये पाण्याचा दाब देऊन तपासून घेऊ, हा विचारही सोडून द्या. निर्मात्याने दिलेली तारीख हाच शेवटचा शब्द.

जुन्या सिलिंडरमध्ये हवा असेल तर ती निर्मात्याच्या हवा सोडायच्या स्क्रूने, उघड्यावर, हळूहळू सोडा. हवा सुटताना स्क्रूभोवती दव जमतं, बोटांना गार चटका बसतो, म्हणून घाई नको. पूर्ण रिकामा झाल्यावर वर्कशॉपमधून त्याला आडवं भोक पाडून घ्या. तसाच भंगारात टाकला तर कोणी तरी उचलून पुन्हा भरेल.

नव्या सिलिंडरबाबत दोन गोष्टी पक्क्या धरा. त्यात फक्त कोरडी हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, मग समोर वैद्यकीय सिलिंडर असो की वेल्डिंगवाल्याचा. आणि सिलिंडरच्या आट्यांना, भरायच्या ॲडॅप्टरला साधं मशीन ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. ओ-रिंगला (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्याला) शुद्ध सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चमक दिसेल इतकंच.

पेटीतला काळा चिकटा

पेटीच्या फोमबद्दल फारसं कोणी सांगत नाही. दमट हवेत फोम वर्षानुवर्षं राहिला की तो कुजतो. बोट लावलं की गुळाच्या काकवीसारखा चिकटतो आणि काळी पूड होऊन पडतो. मामाच्या पिस्तुलाच्या डाव्या अंगाला हा चिकटा बसला होता, आणि नळीच्या वरच्या बारीक भोकांतही शिरला होता. ती भोकं थोडी हवा बाहेर सोडून नळीचं तोंड शांत ठेवतात, म्हणून ती मोकळी असायला हवीत.

हा चिकटा काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश पुरतो. भोकांसाठी लाकडी टूथपिक वापरा, सुई किंवा टाचणी नको. अल्कोहोल लाकडी ग्रिपवर (मुठीवर) सांडू देऊ नका. त्याआधी ग्रिप काढूनच ठेवा. ग्रिपचा स्क्रू काढण्याआधी फोटो काढा. पुढे कुठलाही स्क्रू हलवायच्या आधीही फोटो काढा आणि तो किती आटे फिरवला ते वहीत लिहा. एवढ्या शिस्तीमुळे निम्मे घोळ टळतात.

बाजारात मिळणारं सर्व कामांचं स्प्रे-तेल पिस्तुलाच्या आत फवारू नका. ते सगळीकडे पसरतं, जुनं ग्रीस विरघळवून नको तिथे नेऊन बसवतं, आणि काही महिन्यांत त्याचाच चिकट थर होतो. जुन्या पिस्तुलांचे ट्रिगर "अडकतात" त्यामागे कितीदा तरी हाच थर असतो.

गळती शोधणं

पिस्तूल वापरून जितकं झिजतं त्याहून जास्त ते पडून राहून सुकतं. ओ-रिंगा दाबून एकाच आकारात बसतात, कडक होतात, कडेला बारीक चिरा पडतात. सिलिंडर जोडायच्या जागेची ओ-रिंग आणि नळीच्या मागच्या तोंडाचं सील या दोन गोष्टी बघितल्याशिवाय हवा भरू नका. ओ-रिंग काढायला लोखंडी अणकुचीदार हत्यार घेऊ नका. ज्या खाचेत ती बसते तिथे ओरखडा पडला तर नवीन ओ-रिंगसुद्धा गळेल. बांबूची काडी तासून घ्या, काम चोख होतं.

रिंगा कुठून आणायच्या? मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सील आणि ओ-रिंगांची दुकानं आहेत, तिथे व्हर्नियरने मापून ९० शोअर कडकपणाची नायट्राइल रिंग मागता येते. पण रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यासाठी मी निर्मात्याचा सीलचा संचच घेते. तिथे काही सील वेगळ्या द्रव्याची असतात, आणि माप जुळलं म्हणजे सील जुळलं असं होत नाही.

रिंगा बसल्यावर सिलिंडर १०० बारपर्यंतच भरा, हळू. पंपाने पन्नासेक दट्टे मारले की पाच मिनिटं थांबा, पंपही गार होतो आणि त्यात साचलेली ओल सोडून देता येते. घाईने भरलेली हवा गरम असते. गेजवर १०० दिसतं आणि अर्ध्या तासाने ९२. याला गळती म्हणू नका, हवा गार झाली एवढंच. तासाभराने जो आकडा दिसेल तो खरा.

मग सिलिंडर काढून पाण्याच्या पातेल्यात धरा. एक बुडबुडा मिनिटभराने जरी आला तरी गळती आहे. पिस्तूल मात्र पाण्यात बुडवायचं नाही. सिलिंडर जोडून सांध्यांना ब्रशने साबणाचं पाणी लावा, बघा आणि लगेच पुसून घ्या. फार बारीक गळती असेल तर माझी पद्धत वजनाची आहे. सराफाकडे असतो तसा दशांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, भरलेला सिलिंडर रात्री तोला, सकाळी पुन्हा तोला. हवेलाही वजन असतं, आणि जे गेजच्या काट्याला दिसत नाही ते तराजूला दिसतं. मामाच्या पिस्तुलाला नवा सिलिंडर जोडल्यावर गेज रात्रभर हललं नाही, पण वजन घटलं होतं. गळती निघाली जोडणीच्या ओ-रिंगमधून. मी तीच जुनी ठेवली होती, "बरी दिसतेय" म्हणून. ती त्याच दिवशी बदलली.

पहिले शॉट आणि वेगमापक

गळती थांबली की २०० बारपर्यंत भरा आणि वेगमापक लावा. वेगमापक नसेल तर क्लबमधून मागून आणा. त्याच्याशिवाय रेग्युलेटरबद्दल बोलणं म्हणजे अंधारात चाचपडणं. गॉगल घाला, मागे छर्रे पकडणारा डबा ठेवा.

आधी पन्नास शॉट नुसतेच जाऊ द्या. झोपलेला व्हॉल्व्ह जागा व्हायला तेवढे लागतात. मग एकाच डब्यातले छर्रे घेऊन दहा शॉट मोजा आणि आकडे क्रमाने लिहा. मॅच पिस्तुलं साधारण १४५ ते १६० मीटर प्रति सेकंद या पट्ट्यात असतात. तुमचं नेमकं कुठे आहे याला फार महत्त्व नाही. दहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघायचं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत ३ मीटरच्या आतला फरक असेल तर पिस्तूल तब्येतीने चांगलं आहे.

मुलीच्या वहीत पहिल्या दिवशी आकडे आले: १६३, १५३, १५२, १५२, १५१, १५२. पहिला सोडला तर सगळे सुरेख. तिला वाटलं पहिला आकडा यंत्राने चुकीचा दाखवला. मी तिला दहा मिनिटं पिस्तूल खाली ठेवायला सांगितलं आणि पुन्हा एक शॉट घेतला: १६१. लगेच पुढचा: १५२.

याला रेग्युलेटरचा क्रीप म्हणतात. रेग्युलेटर सिलिंडरचा मोठा दाब कमी करून एका ठरावीक दाबाची हवा पुढच्या कप्प्यात भरतो आणि बंद होतो. त्याची छोटी सीट, म्हणजे बंद होताना आतली दांडी जिच्यावर टेकते तो भाग, जुनी झाली, तिच्यावर दांडीचा खोल वळ पडला किंवा धुळीचा कण अडकला, की तो पूर्ण बंद होत नाही. हवा केसाएवढी झिरपत राहते. भरभर फायर केलं तर झिरपायला वेळ मिळत नाही आणि सगळे आकडे छान येतात. पिस्तूल दहा मिनिटं थांबलं की कप्प्यातला दाब वाढतो आणि पहिला छर्रा जोरात जातो, वर लागतो. स्पर्धेत खेळाडू कधी शॉट न मारताच थांबतो, हात खाली आणतो, श्वास घेतो, पाणी पितो. नेमका त्यानंतरचा शॉट वर गेला की कोच म्हणतो "लक्ष उडालं". कितीतरी मुलं यंत्राच्या दोषासाठी स्वतःला बोल लावत महिनेच्या महिने सराव करतात, आणि मला ते बघवत नाही. म्हणून जुन्या पिस्तुलावर ही दहा मिनिटांची चाचणी केल्याशिवाय ते मुलाच्या हातात देऊ नका.

उलट प्रकारही असतो. पहिला शॉट मंद, मग हळूहळू वेग वाढत जातो. तिथे हॅमर (व्हॉल्व्हवर आपटून हवा सोडणारा भाग) किंवा व्हॉल्व्हमधलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. आणि सिलिंडर संपत आला की वेग घसरतो तो मात्र दोष नाही. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला, एवढाच त्याचा अर्थ. कुठल्या आकड्यापाशी घसरण सुरू होते ते टिपून ठेवा आणि त्याच्या वीस बार आधी सिलिंडर भरा.

रेग्युलेटर स्वतः उघडायचा का? माझं उत्तर नाही. दोष ओळखण्यापर्यंतचं काम तुमचं. सीट बदलणं, वॉशरांचा क्रम बरोबर लावणं आणि दाब पुन्हा बसवणं हे दाबमापक जोडून करायचं काम आहे. आम्ही तो भाग जाणकार मेकॅनिककडे दिला. परत आल्यावर थांबून, न थांबता, सगळे आकडे १५१ ते १५३.

ट्रिगर

नियमाप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो. नळी उभी धरून ट्रिगरच्या मध्यावर ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं, वजन आडव्या पृष्ठभागावरून उचलायचं, आणि शॉट सुटता कामा नये. हवा भरलेली हवी, कारण दाबाशिवाय ट्रिगर वेगळा वागू शकतो. नळी उभी असली तरी छर्रा घालायचा नाही.

चौदा वर्षांत स्प्रिंग सहसा बिघडत नाही, ग्रीस बिघडतं. म्हणून स्क्रू फिरवण्याआधी स्वच्छ करा. ट्रिगरच्या आसाला आणि सिअरच्या (ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणाऱ्या भागाच्या) कडेला अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी फिरवा, वाळू द्या, आणि सुईच्या टोकावर मावेल एवढं हलकं तेल फक्त आसाला लावा. सिअरची कडा घासून गुळगुळीत करायचा मोह कितीही झाला तरी तिला पॉलिश पेपर लावू नका. वरचा कडक थर एकदा गेला की ट्रिगर आपोआप सुटायला लागतो. तेव्हा लिव्हर बंद करताना शॉट जातो, आणि समोर कोण उभं आहे ते आपल्या हातात राहत नाही.

साफ केल्यावर लिव्हर वीस वेळा जरा जोराने बंद करून बघा, छर्रा न घालता. एकदाही शॉट सुटला तर पिस्तूल मेकॅनिककडे.

नळी, छर्रे आणि ग्रिप

नळीला पितळी ब्रश नको. मासेमारीच्या गळाची नायलॉन दोरी मागून घालून तिला फेल्टची गोळी किंवा सुती पट्टी बांधा आणि पुढे ओढा. तीन-चार पट्ट्यांत काळपट शिसं येतं. पट्टी करडी येऊ लागली की थांबा, दुधासारखी पांढरी येईपर्यंत घासायची गरज नाही. साफ केल्यानंतरचे वीस-तीस छर्रे इकडे-तिकडे जातात. नळीवर शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) स्क्रूला हात लावू नका.

पेटीत सापडलेले जुने छर्रे पांढरे पडले असतील तर टाकून द्या. चपट्या तोंडाचे नवे घ्या. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा वेगवेगळा मिळतो, दोन-तीन मापं मागवा. हात टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवर प्रत्येक मापाचे पाच-पाच शॉट चार वेळा मारा. लक्ष्यावरचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा. पाच भोकांचा पुंजका बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ८ मिलिमीटरच्या आत बसला तर ते माप तुमच्या नळीचं. पुंजका कुठे लागला ते आता बघायचं नाही, किती घट्ट आहे ते बघायचं. साइट नंतर फिरवा.

ग्रिपवर बुरशी असेल तर कोरड्या कापडाने पुसा आणि सावलीत वाळवा, उन्हात नाही. अक्रोडाचं लाकूड तडकतं. मामाचा ग्रिप मामाच्या पंजाप्रमाणे कानसून आणि लांबी (लाकडाची पुट्टी) भरून केलेला होता. भाचीच्या बोटांना तो मोठा पडला. तिने लांबीचा एक थर काढला, अंगठ्याच्या खोबणीत नवा भरला, आणि महिनाभर थोडा थोडा घासत राहिली. या कामात मोठ्यांनी मध्ये पडू नये.

स्प्रिंगचं जुनं पिस्तूल असेल तर

क्लबच्या कपाटात कधी कधी फाइनवेर्कबाऊ ६५ सापडतं. हे जर्मन पिस्तूल १९६५ पासून निघालं. बाजूचा लिव्हर ओढला की स्प्रिंग दबते, आणि शॉटच्या वेळी वरचा सगळा भाग रुळावर मागे सरकून धक्का गिळतो. त्यात सिलिंडर नाही, म्हणून तारखेची काळजी नाही. पण छर्रा न घालता ते कधीही फायर करायचं नाही, पिस्टन समोर आपटतो. छर्रा घालताना लिव्हर दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायचा, नाहीतर सिअर निसटला तर बोट जातं. आतली जुनी कृत्रिम सीलं वयाने भुगा होतात आणि तो भुगा हवेच्या मार्गात अडकतो. छर्रा धपकन दोन मीटरवर पडला तर बहुधा हेच झालेलं असतं. स्प्रिंग दाबाखाली असते, त्यामुळे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय पिस्तूल उघडू नका.

पुन्हा ठेवताना

परीक्षेच्या दोन महिन्यांतही पिस्तूल ठेवावं लागतं, तेव्हा नीट ठेवा. सिलिंडरमध्ये ५० ते १०० बार असू द्या, पूर्ण रिकामा केला तर सीलं सैल पडतात. विमानाने जाताना मात्र तो रिकामाच लागतो. पेटीतला जुना फोम फेकून द्या, पिस्तूल धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदला. माळ्यावर आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. महिन्यातून एकदा बाहेर काढून दहा शॉट मारा आणि वेग लिहा.

तिच्या वहीचं पहिलं पान मी जपून ठेवायला सांगितलंय. वर सिलिंडरची नवी तारीख आणि दहा वर्षांनंतरचं मुदत संपायचं वर्ष, खाली रेग्युलेटर दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे, त्याखाली ट्रिगरच्या प्रत्येक स्क्रूचे आटे, आणि सगळ्यात शेवटी मामाने बंगळूरहून फोनवर सांगितलेलं त्याच्या साइटचं सेटिंग. त्याच्या खाली तिने पेन्सिलीने स्वतःचं लिहिलंय, दोन क्लिक डावीकडे.